लॅडरचे खालचे बँड गायब? पीसीआरला दोष देण्याआधी डाय तपासा

"मॅडम, पीसीआर लागला नाही." जानेवारी आला, एमएस्सीच्या प्रोजेक्टची धावपळ सुरू झाली की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतं. (पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया.) विद्यार्थी मोबाइलवर जेलचा, म्हणजे ज्या ॲगारोजच्या थरातून करंट देऊन डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करतात त्याचा, फोटो दाखवतात. सॅम्पलच्या लेन (प्रत्येक नमुन्याच्या उभ्या पट्ट्या) कोऱ्या असतात, आणि प्रायमरच (कोणत्या तुकड्याची प्रत काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) चुकले असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. मग नवे प्रायमर मागवायचे, ते येईपर्यंत थांबायचं, ॲनीलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान दोन-दोन अंशांनी बदलत बसायचं. यात महिना जातो. ज्याच्या हातात एकूण चारच महिने आहेत, त्याचा असा महिना वाया गेलेला बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांचा पीसीआर पहिल्याच दिवशी लागलेला असतो. दिसत नसतो एवढंच. जेलमधला डीएनए दिसतो तो डायमुळे, म्हणजे त्याला बांधून उजळणाऱ्या रंगामुळे.

मी फोटो हातात घेतला की सॅम्पलच्या लेनकडे आधी बघत नाही, लॅडरकडे, म्हणजे मापासाठी शेजारी घातलेल्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांच्या लेनकडे बघते. लॅडरमध्ये डीएनए आहे, किती आहे आणि कोणत्या लांबीचा आहे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. त्या लेनमध्ये जे दिसायला हवं ते दिसत नसेल, तर तो जेल तुमच्या सॅम्पलबद्दल काहीच सांगत नाही. अशा जेलवरून काढलेला निष्कर्ष वहीत लिहूसुद्धा नये. म्हणून खाली सगळं लॅडरच्या दिसण्यावरूनच मांडलं आहे.

वरचे बँड ठळक, खालचे नाहीत

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तक्रार हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

या वर्षीचंच उदाहरण घ्या. एका विद्यार्थिनीचं प्रॉडक्ट, म्हणजे पीसीआरमधून मिळायचा तुकडा, १४० बीपीचं (बेसच्या १४० जोड्यांच्या लांबीचं) होतं. तिने २ टक्के जेल लावला, इथिडियम ब्रोमाइड हा डाय जेलमध्येच घातला आणि ८० व्होल्टवर दोन तास रन केला. लहान तुकडे नीट वेगळे व्हावेत म्हणून तिने मुद्दाम लांब रन घेतला होता, आणि तो विचार बरोबरच होता. असं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा लेन कोऱ्या निघाल्या. लॅडरमध्ये १५०० पासून ४०० पर्यंतचे बँड रेखीव होते, ३०० चा मळकट, आणि २०० व १०० चे नव्हतेच.

मी तिला जेल पुन्हा ट्रान्सइल्युमिनेटरवर (खालून यूव्ही उजेड देणाऱ्या पेटीवर) ठेवायला सांगितला. बँड विसर, फक्त जेलचा रंग बघ, असं म्हटलं. यूव्हीत जेलचा वरचा, म्हणजे वेलकडचा (सॅम्पल भरायच्या खाचांकडचा) भाग मंद नारिंगी उजळत होता आणि खालचा भाग काळाभोर होता. दोन्हींच्या मध्ये जेलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ सरळ सीमा होती. ३०० चा मळकट बँड बरोबर त्या सीमेवर होता.

इथिडियमचा रेणू धनभारित असतो आणि डीएनए ऋणभारित. टँकला करंट दिला की डीएनए काळ्या इलेक्ट्रोडकडून लाल इलेक्ट्रोडकडे निघतो, आणि मोकळं इथिडियम त्याच्या उलट दिशेने, लालकडून काळ्याकडे सरकतं. रन जितका लांब, तितका जेलचा खालचा भाग डायविना रिकामा होत जातो. लहान तुकडे सगळ्यात पुढे पळतात, म्हणजे नेमके त्याच रिकाम्या भागात जाऊन पोचतात. तिथे डीएनए असतो, पण त्याला उजळवायला डाय उरलेला नसतो.

त्यात लहान तुकड्यांची दुसरी अडचण असते. इथिडियम बेसच्या जोड्यांमध्ये शिरून बसतं, त्यामुळे चमक डीएनएच्या वजनावर ठरते, रेणूंच्या संख्येवर नाही. रेणू तेवढेच असले तरी १०० बीपीचा बँड १००० बीपीच्या बँडच्या दहाव्या हिश्शाइतकाच उजळणार. इथिडियमने साधारण १ ते ५ नॅनोग्रॅमचा बँड डोळ्याला दिसतो. त्या मर्यादेच्या आसपास असलेला छोटा तुकडा डाय कमी पडला की पहिला नाहीसा होतो.

जेलमध्येच इथिडियम घालून रन करायची रीत १९७३ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये शार्प, सग्डेन आणि सॅमब्रूक यांनी वापरात आणली. सोयीची आहे, म्हणून सगळीकडे तीच शिकवतात. हजार-दोन हजार बीपीच्या तुकड्यांना ती उत्तम आहे. २०० च्या खालच्या तुकड्यांसाठी आणि लांब रनसाठी मात्र मी ती वापरू देत नाही.

उपाय सोपा आहे: डाय न घालता जेल रन करा आणि नंतर बुडवा. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात इथिडियमच्या १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या स्टॉकमधून (साठवणीच्या घट्ट द्रावणातून) ५ मायक्रोलिटर घातलं की ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. त्यात जेल अर्धा तास हलक्या रॉकरवर ठेवा. २ टक्के आणि जाड जेल असेल तर पाऊण तास. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात वीस मिनिटं. हे शेवटचं धुणं टाळू नका. मोकळं इथिडियमही थोडं उजळतंच, डीएनएला बांधल्यावर ते साधारण वीसपट जास्त उजळतं. मागचा नारिंगी उजेड कमी झाला की फिका बँड वर येतो.

टँकच्या बफरमध्येही तेवढंच इथिडियम घालायचं, असा दुसरा मार्ग पुस्तकांत असतो. तो चालतो, पण अर्ध्या लिटरच्या टँकमागे तेवढा बफर, टँक, झाकण, वायर, सगळंच दूषित होतं. आमच्याकडे एकच टँक तीन गट वापरतात, म्हणून मी त्याला परवानगी देत नाही.

तिचा तिसरा जेल अजून ट्रेमध्येच होता. तोच बुडवला. तासाभराने सहापैकी चार लेनमध्ये १४० च्या जागी बँड दिसत होते, आणि लॅडरचा १०० चा बँडही आला होता. जेल दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला असता तर हे जमलं नसतं. लहान तुकडे जेलमध्ये पडल्या पडल्या पसरतात आणि बँडचा धूर होतो. बुडवायचं ते त्याच दिवशी.

सगळा लॅडरच फिका

इथे जेलमध्ये शोधाशोध करण्याआधी पाच मिनिटांची थेंबाची चाचणी करा. ट्रान्सइल्युमिनेटरच्या काचेवर स्वयंपाकघरात वापरतात तशी पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून घाला. तिच्यावर तीन थेंब ठेवा: एकात पाणी, एकात ५ नॅनोग्रॅम आणि एकात ५० नॅनोग्रॅम माहितीतला डीएनए, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. प्रत्येकात २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं इथिडियम ५ मायक्रोलिटर मिसळा. झाकण लावून फोटो काढा. ५० चा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा स्पष्ट उजळला, तर डाय, दिवा आणि कॅमेरा तिन्ही ठीक आहेत, आणि चूक जेलमध्ये किंवा मोजमापात आहे. तिन्ही थेंब सारखेच दिसले, तर जेलला हात लावू नका, पुढचं वाचा.

पहिला संशय स्टॉकचा. इथिडियमची पूड पाण्यात लवकर विरघळत नाही, मॅग्नेटिक स्टररवर कित्येक तास लागतात. कोणी घाईत बनवलेल्या बाटलीत तळाला गडद लाल कण बसलेले असतात आणि लेबलवर मात्र १० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. बाटली उजेडात धरून तळ बघा. कण असतील तर ती पुन्हा स्टररवर ठेवा. आणि ती बाटली फॉइलमध्ये गुंडाळलेली, अंधारात असायला हवी. उजेडात डाय खराब होत जातो.

दुसरा संशय दिव्याचा. ट्रान्सइल्युमिनेटरमध्ये बहुधा ३०२ किंवा ३१२ नॅनोमीटरच्या चार-सहा नळ्या असतात. त्या म्हाताऱ्या होतात, आणि कधी कधी एकच विझते. मग फोटोत एक पट्टा अंधारा येतो. हा अंधार डायचा की नळीचा, हे ओळखायला जेल उचलून उलट दिशेने फिरवून ठेवा. अंधार जेलबरोबर फिरला तर डाय कमी पडला आहे. अंधार तिथेच राहिला तर नळी गेली आहे. हे मी गेल्या सहा-सात वर्षांत इतक्यांदा केलंय की आता जेल डॉकसमोर (जेलचा फोटो काढायच्या यंत्रासमोर) उभी राहिले की हात आपोआप फिरवतात.

तिसरी गोष्ट फिल्टरची, आणि डाय बदलला की ही हटकून होते. इथिडियमचा उजेड नारिंगी, ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. जेल डॉकच्या कॅमेऱ्यावर त्याच भागापुरता अरुंद फिल्टर बसवलेला असतो. मग विभागात ठरतं की आता कमी धोक्याचा डाय वापरायचा, आणि सायबर सेफ येतो. त्याचा उजेड हिरवा, साधारण ५३० नॅनोमीटरचा. अरुंद नारिंगी फिल्टर तो बाहेरच अडवतो. एका ठिकाणी मी पाहिलं, मुलांना पिवळसर काचेतून डोळ्यांनी बँड स्वच्छ दिसत होते आणि फोटो काळा येत होता. दोन महिने सगळे जण कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वाढवत होते. सॉफ्टवेअरमध्ये डायचं नाव निवडायची सोय असते, पण नाव बदलल्याने काच बदलत नाही. फिल्टर हाताने बदलायचा असेल तर बदला, किंवा ५१५-५२० च्या वरचं सगळं सोडणारा पिवळसर फिल्टर घ्या. त्यात दोन्ही डाय चालतात.

सायबर कुटुंबातल्या डायची आणखी एक खोड आहे. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले येतात, आणि डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसला गोठतो. नाशिकला जानेवारीच्या सकाळी खोलीतच बाटली अर्धवट गोठलेली असते. एसी १८ वर ठेवलेल्या खोलीत तर बारा महिने हा प्रश्न असतो. वरवर द्रव दिसतो म्हणून पिपेट घालतात, आणि खाली गोठलेल्या भागात डाय तसाच राहतो. बाटली हातात धरून पूर्ण वितळू द्या, व्होर्टेक्स करा, सेकंदभर स्पिन द्या, मगच घ्या. सायबर ग्रीन एक किंवा पिकोग्रीन पातळ करायचा असेल तर प्लास्टिकच्या भांड्यात करा, कारण हे डाय काचेला चिकटतात. आणि बुडवायचा बफर पीएच ७.५ ते ८ मध्ये ठेवा. साध्या नळाच्या पाण्यात ही मुलं जेल बुडवतात आणि मग डाय जुना झाला म्हणतात.

लॅडर दिसतो, पण बँड वाकडे किंवा फराटे

जेलमध्ये जेलरेड हा डाय घातला असेल तर इथे थांबा. जेलरेडच्या रेणूत इथिडियमसारखे दोन घटक एका लांब साखळीने जोडलेले असतात. रेणू मोठा, त्यामुळे तो जिवंत पेशींत सहज शिरत नाही आणि म्हणून जास्त सुरक्षित. पण तोच मोठा, धनभारित रेणू डीएनएला बांधला की डीएनएची चाल बिघडवतो. लेनमध्ये डीएनए जास्त असेल तर बँड हळू सरकतात, खाली फराटा सोडतात, कडेला वाकतात. मुलं म्हणतात, डीएनए डिग्रेड झाला. झालेला नसतो.

आधी डीएनए कमी करून बघा, लेनमागे ५० ते २०० नॅनोग्रॅम. यात लॅडरही येतो, त्याचेही ५०० नॅनोग्रॅम ओतायची सवय सोडा. तरी फराटा राहिला तर डाय जेलमध्ये घालूच नका. साधा जेल रन करून नंतर ३ एक्स (जेलमध्ये घालायच्या प्रमाणाच्या तिप्पट) जेलरेडमध्ये अर्धा तास बुडवा. ५० मिली पाण्याला १० हजार एक्सच्या स्टॉकमधून १५ मायक्रोलिटर. धुवायची गरज नाही. रिस्ट्रिक्शन डायजेस्टचे (एन्झाइमने कापलेल्या डीएनएचे) तुकडे मोजायचे असतील तेव्हा मी हाच मार्ग घेते, कारण लॅडर आणि सॅम्पल दोन्हींची चाल खरी राहते.

लॅडर छान, सॅम्पल नाही

आता कुठे तुमच्या सॅम्पलकडे बघायची वेळ आली. तरी लगेच प्रायमर नको.

लोडिंग डाय (सॅम्पल जेलमध्ये भरताना त्यात मिसळायचा रंग) म्हणजे डीएनए नव्हे, हे इथे सांगायला हवं, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांचा यात खरोखर गोंधळ होतो. ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग डीएनएला बांधला जात नाही, तो शेजारून पळतो. निळी रेघ सरकली म्हणजे करंट चालू आहे एवढंच कळतं. उलट तो रंग बँड झाकतो. १ टक्का जेलमध्ये तो साधारण ३०० बीपीच्या जागी असतो, जेल घट्ट केला की अजून खाली जातो, आणि यूव्हीत तिथे गडद सावली पडते. तुमचा बँड नेमका त्या सावलीत असेल तर तो नाही असं वाटतं. वर सांगितलेल्या १४० बीपीच्या जेलमध्येही हे थोडं होतंच, २ टक्के जेलमध्ये सावली तिच्या बँडला लागून पडत होती. आता ती ऑरेंज जी वापरते. तो ५० बीपीच्या आसपास, सगळ्यांच्या पुढे पळतो.

मग येतं ते नेहमीचं: "नॅनोड्रॉपवर २०० नॅनोग्रॅम आहे, जेलवर काहीच नाही." नॅनोड्रॉप डाय वापरत नाही, २६० नॅनोमीटरला किती उजेड शोषला गेला एवढं मोजतो. शोषण १ असेल तर दुहेरी पदरी डीएनए ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, असा हिशेब धरून आकडा देतो. पण त्या लांबीवर आरएनए शोषतो, प्रायमर शोषतात, सुटे न्यूक्लिओटाइड शोषतात. शुद्ध न केलेलं पीसीआर मिश्रण ठेवलं तर न वापरलेल्या डीएनटीपीमुळेच (पीसीआरमध्ये घातलेल्या सुट्या न्यूक्लिओटाइडमुळेच) शेकड्यांत आकडा येतो, मग पीसीआर लागो न लागो. त्या आकड्यावर विसंबून तुम्ही लेनमध्ये २ मायक्रोलिटर घालता, आणि बँड येत नाही.

इथे डाय तुमच्या बाजूने साक्ष देतो. क्युबिटच्या (डायच्या उजेडावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्राच्या) डीएनए किटमधला डाय दुहेरी पदराला बांधला तरच उजळतो. पिकोग्रीनसारखे डाय बांधल्यावर हजारपटीहून जास्त उजळतात, मोकळे असताना जवळजवळ काळेच असतात. म्हणून नॅनोड्रॉपने २०० आणि क्युबिटने १५ सांगितलं, तर मी १५ वर विश्वास ठेवते. प्लाझमिड मिनिप्रेपमध्ये (जिवाणूंतून प्लाझमिड हा गोल डीएनए वेगळा काढताना) तर जेलवरही उत्तर दिसतं: तळाला आरएनएचा ढगासारखा मोठा डाग. आरनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालायचा राहिला, किंवा बफरमध्ये घालून बाटली सहा महिने बाहेर राहिली.

क्युबिटमध्ये चुकतं ते हाताळण्यात. दोन्ही स्टँडर्ड (माहितीतल्या प्रमाणाचे तुलनेचे नमुने) त्याच दिवशी, त्याच मिश्रणातून बनवा. बुडबुडे नकोत. ट्यूब पारदर्शक आणि पातळ भिंतीची हवी, साधी पीसीआर ट्यूब नाही. मिसळल्यावर दोन मिनिटं थांबा, आणि तेवढा वेळ ट्यूब मुठीत धरून उभं राहू नका. हाताच्या उबेने डायचा उजेड कमी होतो आणि पहिल्या-दुसऱ्या वाचनात फरक पडतो.

डाय दुप्पट करू नका

बँड फिका दिसला की बहुतेकांचा पहिला हात डायच्या बाटलीकडे जातो. ५ ऐवजी १० मायक्रोलिटर, मग १५. त्याने मागचा उजेड वाढतो, बँड आणखी बुडतो, आणि कचऱ्यातलं इथिडियम तिप्पट होतं. यूव्हीवर जेल जास्त वेळ ठेवणं हाही उपाय नाही. डाय विझत जातो आणि डीएनएही बिघडतो. क्लोनिंगसाठी बँड कापायचा असेल तर मी निळ्या उजेडाचा ट्रान्सइल्युमिनेटर आणि सायबर सेफ वापरायला सांगते. साधन नसेल तर ३६५ नॅनोमीटर, आणि वीस सेकंदांच्या आत कापणं उरकायचं. झाकण उघडं ठेवून, नुसत्या चष्म्यावर यूव्हीत वाकून बँड कापणारी मुलं मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे लाल होते आणि वाळू गेल्यासारखे खुपत होते. तोंड पूर्ण झाकणारी ढाल घाला, आणि मनगट व हातमोजा यांच्यामधली उघडी पट्टीही झाका.

इथिडियमबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. हेच द्रव्य होमिडियम नावाने आफ्रिकेत १९५० च्या दशकापासून गुरांच्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीवर औषध म्हणून दिलं गेलं, म्हणून ते निरुपद्रवी, असं काही जण म्हणतात. दुसरीकडे बाटलीला हात लावायलाही घाबरणारे असतात. एम्स चाचणीत (जिवाणूंवर करायच्या चाचणीत) यकृताच्या अर्कासोबत ते म्युटाजेन, म्हणजे जनुकांत बदल घडवणारं, ठरतं, एवढं मला पुरेसं आहे. नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि तो हातमोजा घालून दाराची कडी, माऊस, मोबाइल यांना हात लावू नका. उकळत्या ॲगारोजमध्ये डाय घालू नका, फ्लास्क हाताला सोसवेल इतका निवू द्या. बुडवायचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. ब्लीच टाकून ते 'मारायची' जुनी पद्धतही नको, त्यातून होणारी संयुगंही घातक असू शकतात. आमच्याकडे ते पाणी ॲक्टिव्हेटेड चारकोलमधून गाळतात, यूव्हीत धरून नारिंगी उजेड उरला नाही ना ते बघतात, आणि चारकोल, जेल व हातमोजे लेबल लावलेल्या वेगळ्या डब्यात जातात. डबा तीन-चतुर्थांश भरला की संस्थेच्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत तारीख आणि अंदाजे वजन लिहून तो खाली पाठवायचा.